माणिकबागेतील उजेड : इंदूरचे यशवंतराव होळकर

१२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर एका मोटारीने दुसरीला धडक देऊन अडवले. अडवलेल्या स्टुडबेकर गाडीत अब्दुल कादर बावला हा तरुण आणि श्रीमंत व्यापारी होता. त्याच्यासोबत मुमताज बेगम होती. इंदूरच्या दरबारातून निसटून आलेली नर्तकी. लाल रंगाच्या मॅक्सवेल गाडीतून उतरलेल्या टोळक्याला हवी होती ती मुमताज. बावला गोळ्या लागून मरण पावला, मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राचे वार झाले आणि गोल्फ खेळून त्याच रस्त्याने परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली.

आरोपींत इंदूर संस्थानाच्या सेवेतील माणसे निघाली. खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. बचाव पक्षाच्या वकिलांत बॅरिस्टर जिनाही होते. काही आरोपींना फाशीची शिक्षा ठोठावली गेली, पण देशभरच्या वर्तमानपत्रांना आरोपींपेक्षा त्यांच्या पाठीमागे कोण होते यात अधिक रस होता. ब्रिटिश सरकारने इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या : चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. तुकोजीरावांनी दुसरी वाट धरली. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पदत्याग केला आणि इंदूरची गादी त्यांच्या मुलाकडे, यशवंतरावांकडे आली.

मुलगा तेव्हा अठराही पूर्ण नव्हता. पुढे याच यशवंतरावांची कीर्ती जगभर पसरली ती मोटारी, दिवे, शिल्पे आणि एका अपूर्व राजवाड्यामुळे. दोन मोटारींच्या टकरीतून सत्ता हाती आलेला हा बहुधा एकमेव मराठी राजा असावा.

गोमंतकीय वाचकाला होळकर म्हटले की अहिल्याबाई आठवतात आणि त्यांच्यानंतर इंग्रजांशी झुंजलेले पहिले यशवंतराव. आपल्या यशवंतरावांचे नाव या पूर्वजाचेच. तलवार गाजवण्याचा काळ मात्र कधीच सरला होता. मल्हाररावांनी माळव्यात उभ्या केलेल्या सत्तेला १९ तोफांची सलामी, संस्थानाच्या हद्दीत २१ तोफांची, आणि पाठीवर ब्रिटिश रेसिडेंटची नजर एवढेच उरले होते. गादीही फार स्थिर नव्हती. यशवंतरावांचे आजोबा शिवाजीराव यांनी १९०३ मध्ये गादी सोडली होती, वडिलांनी १९२६ मध्ये. लागोपाठ दोन पिढ्या जिवंतपणी पायउतार झालेल्या घरात हा मुलगा वाढला. त्याच्या पुढच्या आयुष्यात इंदूरपासून दूर राहण्याची जी ओढ दिसते, तिचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच इंग्लंडला पाठवण्यात आले. आधी तिथल्या शाळा, मग ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज. १९२४ मध्ये, म्हणजे बावला प्रकरणाच्या आदल्याच वर्षी, त्यांचे लग्न कागलच्या धाकट्या पातीच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजेंशी झाले. नवरदेव सोळा वर्षांच्या आतबाहेर, वधू दहाची. संयोगिताराजेही पुढे शिकायला इंग्लंडला गेल्या. या दोघांचे खरे सहजीवन सुरू झाले ते युरोपात, इंदूरच्या वाड्यातल्या शिष्टाचारापासून आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांपासून दूर. ९ मे १९३० रोजी यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. तोवर बाविशीच्या उंबरठ्यावरच्या या राजाच्या मनात एक घर आकार घेऊ लागले होते.

ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची ओळख एकार्ट म्युथेसियस या जर्मन तरुणाशी झाली होती. म्युथेसियस यशवंतरावांहून चार वर्षांनी मोठा. त्याचे वडील हरमान हे जर्मनीतील नामांकित वास्तुविशारद. मुलाच्या नावावर मात्र तेव्हा फारसे काही जमा नव्हते. एका मोठ्या संस्थानाच्या अधिपतीने आपला राजवाडा अशा पंचविशीतल्या माणसाच्या हाती सोपवावा, हे दरबारी जुन्याजाणत्यांना रुचले असेल असे वाटत नाही. पण दोघांचे वय एक होते, आवड एक होती, आणि भूतकाळाचे ओझे दोघांनाही नको होते.

१९३० ते १९३३ या काळात इंदूरमध्ये माणिकबाग उभा राहिला. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, बाहेरून साधी, जवळजवळ अबोल इमारत. कमानी नाहीत, घुमट नाहीत, नक्षीदार सज्जे नाहीत. त्या काळातील राजवाड्यांची सवय झालेल्या डोळ्यांना हे एखादे इस्पितळ वाटावे. आतला प्रकार मात्र निराळा. दारे, खिडक्या, दिवे, लाकूडकाम असा बहुतेक सरंजाम जर्मनीत तयार होऊन बोटीने भारतात आला. वातानुकूलन होते आणि ते तेव्हा भारतात फारच थोड्या घरांत असेल. काच, क्रोमचा मुलामा दिलेल्या नळ्या, ॲल्युमिनियम, कृत्रिम चामडे असे कारखान्यातून निघालेले साहित्य राजाच्या दिवाणखान्यात मानाने बसले. पलंग धातू-काचेचे. गालिचे दा सिल्वा ब्रून्सचे, कचेरीचे सामान रुलमानचे, चांदीची भांडी प्युइफोर्काची. आयलीन ग्रे आणि ल कॉर्बुझिए यांच्या खुर्च्याही तिथे होत्या. युरोपातील कलासंग्रहालये आज ज्या वस्तू काचेआड ठेवतात, त्या माळव्याच्या उन्हाळ्यात रोजच्या वापरात होत्या.

या सगळ्यात लक्ष वेधून घेतात ते दिवे. म्युथेसियसने ग्रंथालयासाठी लाल कृत्रिम चामड्याच्या आरामखुर्च्या घडवल्या आणि वाचण्यासाठीचे दिवे खुर्चीच्या अंगातच बसवून टाकले. दिवा शेजारी ठेवायचा नाही की छताला टांगायचा नाही. माणूस बसतो तिथे उजेड त्याच्यासोबत. आपल्याकडच्या घरात समई देव्हाऱ्यापाशी, कंदील ओटीवर, झुंबर चौकात. उजेडाला जागा असे आणि माणूस त्याच्यापाशी जाई. माणिकबागेत हे नाते उलटे झाले. या खुर्चीत बसणारा राजा तर होताच, पण त्याहून अधिक तो एकटा वाचत बसलेला माणूस होता. दरबार भरवण्यासाठी अशी खुर्ची कुणी करत नाही.

असा दिवा अंगावर वागवणारी दुसरी वस्तू म्हणजे मोटार. यशवंतरावांचे दुसरे प्रेम तेच होते. त्या प्रेमाकडे वळण्यापूर्वी मोटारीच्या दिव्याची थोडी हकीकत सांगायला हवी, कारण होळकरांच्या तीन पिढ्या आणि या दिव्याच्या तीन अवस्था जवळपास एकाच काळात घडल्या आहेत.

पहिल्या मोटारींना दिवे होते ते घोडागाडीचेच. रॉकेलचे, वातीचे, पितळी चौकटीचे. त्यांचा उपयोग रस्ता दिसावा यापेक्षा समोरच्याला गाडी दिसावी एवढाच. मग ॲसिटिलीन आला. डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वर पाण्याची टाकी, थेंब थेंब पाणी पडले की वायू तयार होई. त्याची पांढरीशुभ्र ज्योत आरशापुढे जळे आणि दूरवरचा रस्ता उजळे. जत्रेतल्या फेरीवाल्यांकडचे, उग्र वासाचे कार्बाइडचे दिवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही जात ओळखीची वाटेल. चालकाला रात्रीच्या प्रवासाआधी डबा साफ करावा लागे, खडे भरावे लागत, वारा-पावसात ज्योत सांभाळावी लागे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे डायनामो आणि बॅटरी आल्या, तेव्हा कुठे उजेड चालकाच्या बोटावर आला.

हे दिवे बनवणारे कारखाने बहुधा घरचे असत. बापाने सुरू करायचे, मुलाने वाढवायचे. बर्मिंगहॅमचा जोसेफ लुकास हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. गल्लीबोळांतून गाडीवर रॉकेल विकणारा हा माणूस पुढे स्वतःच दिवे करू लागला. १८७९ मध्ये त्याने सायकलसाठी काढलेल्या दिव्याचे नाव होते किंग ऑफ द रोड, म्हणजे रस्त्याचा राजा. १८८२ मध्ये मुलगा हॅरी भागीदार झाला आणि कंपनीच्या पाटीवर लुकास आणि पुत्र असे नाव चढले. १९०२ मध्ये जोसेफ वारला. मोटारयुग अजून बाल्यावस्थेत होते. सायकलवरून मोटारीवर आणि ज्योतीवरून विजेवर जाण्याचे काम हॅरीच्या पिढीने केले. १९३० च्या दशकात इंग्लंडमधील उंची मोटारींच्या नाकावर जे थाळ्याएवढे चकाकते दिवे दिसत, त्यांत लुकासचे पी-१०० हे दिवे फार मानाचे होते.

मराठी मुलखातही याच सुमारास दिव्याचा एक घरचा कारखाना उभा राहत होता. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला, त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तिथला प्रभाकर कंदील पुढे खेडोपाडी पोहोचला. मोटारीच्या दिव्यापर्यंत ही वाट गेली नाही, जायचे कारणही नव्हते. ज्या गिऱ्हाइकासाठी ओगले कंदील करत होते, त्याच्याकडे बैलगाडी होती. इंदूरच्या राजाची मोटार रात्री माळव्यातल्या गावावरून जाई, तेव्हा ओट्यावर कंदील घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या आणि गाडीतल्या माणसाच्या उजेडात केवढे अंतर होते, हे आकड्यांशिवायही कळते. त्या गाडीची किंमत शेवटी त्याच शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यातून येत होती, हेही.

यशवंतरावांच्या मोटारींत बेंटली होती, हिस्पानो-सुइझा होती, अल्फा रोमियो होती. सर्वांत गाजली ती ड्यूसेनबर्ग. जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या ड्यूसेनबर्ग भावांच्या नावाची ही गाडी त्या काळातील अमेरिकेची सर्वांत प्रतिष्ठेची मोटार मानली जाई. १९३५ च्या सुमारास यशवंतरावांनी तिचा नुसता सांगाडा आणि इंजिन घेतले. इंजिनाला जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर होता आणि ताकद ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. तेव्हाच्या साध्या मोटारीच्या मानाने ती कितीतरी पट होती. हा सांगाडा लंडनच्या गर्नी नटिंग या गाडीबांधणी करणाऱ्या पेढीकडे गेला. त्यांनी त्यावर लांबलचक नाकाची, दोघांपुरती, नारिंगी आणि काळ्या रंगाची उघडी मोटार बांधली. एवढ्या अवाढव्य यंत्रावर केवळ दोन माणसांची जागा! पुढच्या बाजूला नेहमीच्या मोठ्या दिव्यांखेरीज लाल आणि निळा असे दोन दिवे होते. गाडीत स्वारी कोणाची आहे हे रस्त्यावरच्या पोलिसांना त्यांवरून कळे, असे जुन्या मोटारींच्या जाणकारांत सांगितले जाते. पूर्वी राजाच्या पुढे चोपदार ललकारी देत चालत. त्यांचे काम आता दोन रंगीत काचांकडे आले.

१९३५ हे वर्ष इंदूरच्या मराठी माणसाला दुसऱ्याच कारणाने लक्षात असते. त्या वर्षीचे मराठी साहित्य संमेलन इंदूरला भरले होते आणि अध्यक्ष होते औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. एक संस्थानिक अध्यक्ष, दुसऱ्याची नगरी यजमान. भवानराव स्वतः चित्रे काढत, सूर्यनमस्काराचा प्रचार करत, आणि कारखानदारीला पाठबळ देत. किर्लोस्करांना त्यांच्या संस्थानात जागा मिळाली, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या शेजारी यशवंतरावांना उभे केले तर तुलना टाळता येत नाही. औंधचे संस्थान चिमुकले, इंदूरचे विशाल. औंधच्या राजाने आपल्या मातीत कारखाना रुजू दिला. इंदूरच्या राजाने जगातल्या उत्तम कारागिरांना काम दिले, पण ते कारागीर बर्लिन, पॅरिस आणि लंडनचे होते. इंदूरच्या सुताराला किंवा तांबटाला माणिकबागेने काय शिकवले, याचे उत्तर फारसे सुखावणारे नाही. माझ्या मते यशवंतरावांच्या कर्तृत्वाची ही खरी उणीव आहे. त्यांच्यावर नेहमी होणाऱ्या उधळेपणाच्या आरोपापेक्षा ती अधिक गंभीर आहे.

उधळा राजा या शिक्क्यात ते बसतही नाहीत. उधळ्या माणसाला निवड नसते. यशवंतरावांना होती, आणि ती काळाच्या पुढे होती. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याने त्यांची दोन चित्रे काढली. १९२९ च्या चित्रात ते पाश्चात्त्य पोशाखात, काळ्या झग्यात, उभे. सडपातळ, लांब बोटांचे, थोडे उदास. काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्या चित्रात ते मराठेशाही पगडी आणि शुभ्र पोशाखात गादीवर मांडी घालून बसले आहेत आणि गळ्यात इंदूरचे ते प्रसिद्ध पेरच्या आकाराचे दोन हिरे आहेत. हे हिरे तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून घेतले होते. संयोगिताराजेंचीही अशीच चित्रे आहेत. मॅन रे या छायाचित्रकाराने या जोडप्याची जी छायाचित्रे टिपली त्यांत मात्र पगडी नाही आणि हिरेही नाहीत. दोन तरुण माणसे हसत आहेत, एकमेकांच्या खांद्यावर रेलली आहेत. संस्थानिकांची इतकी मोकळी छायाचित्रे त्या काळात विरळाच.

पॅरिसमध्येच त्यांची गाठ शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशीशी पडली. ब्रांकुशीचा आकाशातील पक्षी हे शिल्प म्हणजे पक्ष्याचे पंख नव्हेत की चोच नव्हे, नुसती वर झेपावणारी एक निमुळती रेघ. यशवंतरावांनी असे तीन पक्षी घेतले. एक झळाळत्या पितळी कांतीचा ब्राँझचा, एक पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या. त्यांच्यासाठी इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले. कल्पना अशी होती की आत जायची वाट जमिनीखालून असावी, मध्ये पाण्याचे कुंड असावे, भोवती तीन पक्षी असावेत आणि छतातल्या झरोक्यातून दुपारच्या एका ठरावीक वेळी सूर्याचा किरण सोनेरी पक्ष्यावर पडावा. वीज नको, दिवा नको. माणिकबागेत प्रत्येक खुर्चीला दिवा बसवणाऱ्या राजाला इथे फक्त सूर्य हवा होता.

ते मंदिर झाले नाही. जुलै १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये संयोगिताराजेंचे निधन झाले. त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. मागे चार वर्षांची मुलगी होती, उषाराजे. त्याच हिवाळ्यात ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला. ही त्याची भारतातली एकमेव भेट. तो मोठ्या अपेक्षेने आला होता, पण काम सुरू झालेच नाही आणि तो परतला. पुढे या विषयाला कुणी हात घातला नाही. संयोगिताराजेंच्या मृत्यूने यशवंतराव खचले, असे म्हणायला आणखी पुरावा लागत नाही. त्यानंतर त्यांनी एकही मोठी वास्तू किंवा संग्रह नव्याने सुरू केला नाही. इमारत, फर्निचर, शिल्पे, मोटारी. जे काही केले ते जेमतेम आठ वर्षांत, आणि जवळजवळ सगळे दोघांनी मिळून.

पुढचा काळ विस्कळीत आहे. १९३८ मध्ये त्यांनी मार्गरेट लॉलर या अमेरिकन स्त्रीशी लग्न केले, ते १९४३ मध्ये मोडले. त्याच वर्षी युफेमिया क्रेन या दुसऱ्या अमेरिकन स्त्रीशी विवाह झाला आणि १९४४ मध्ये रिचर्ड हा मुलगा जन्मला. प्रकृती साथ देत नव्हती, मुक्काम बऱ्याचदा अमेरिकेत असे. राज्य दिवाण आणि अधिकारी चालवत. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून भारत आणि ब्रिटन यांच्यातील पेच सोडवण्यासाठी मध्यस्थी करण्याची सूचना केली. ब्रिटिश सार्वभौमत्व मानणाऱ्या एका राजाने परराष्ट्राच्या प्रमुखाला असे जाहीरपणे लिहावे, हे दिल्लीतील राज्यकर्त्यांना अर्थातच मुळीच आवडले नाही. वडिलांची गादी ज्यांनी काढून घेतली त्यांना डिवचण्याची संधी मुलाने साधली की हा खरोखरच राजकीय विचार होता? दोन्ही असेल.

ज्या एका गोष्टीत इंदूरच्या सामान्य माणसाला राजाचा खरा सहवास लाभला ती म्हणजे क्रिकेट. होळकर संघाला यशवंतरावांचा आश्रय होता. सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली सलामीला. संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला, त्यात सहा जणांची शतके होती. त्याआधीच्या मोसमातील मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात महायुद्धामुळे भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून नाबाद २४९ धावा काढून गेला, आणि तरीही सामना मुंबईने जिंकला. इंदूरच्या जुन्या मराठी घरांत माणिकबागेपेक्षा या सामन्यांच्या आठवणी जास्त निघतात.

१९४७ च्या उन्हाळ्यात प्रश्न आला सामील होण्याचा. भोपाळच्या नवाबाप्रमाणे इंदूरही शेवटपर्यंत निर्णय लांबवत राहिले. समजूत घालायला माणसे गेली, दिल्लीच्या फेऱ्या झाल्या. अखेर सही केलेला सामीलनामा दिल्लीला पोहोचला तो साध्या टपालाने. ज्या घराण्याच्या घोड्यांच्या टापांनी एके काळी दिल्ली दणाणली होती, त्याचे राज्य एका लिफाफ्यातून गेले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत हे नवे राज्य अस्तित्वात आले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. शिंदे आणि होळकर यांच्यातील दीड-दोनशे वर्षांची चढाओढ ज्यांना ठाऊक आहे त्यांना या क्रमाचा अर्थ वेगळा सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि हे पदही गेले. आजोबांनी गादी सोडली, वडिलांनी सोडली, यशवंतरावांच्या बाबतीत गादीच नाहीशी झाली.

एक शेवटचा निर्णय मात्र त्यांच्या घराण्यापुरता महत्त्वाचा ठरला. मुलगा असतानाही वारसा मुलीकडे, उषाराजेंकडे गेला. मुलाची आई परदेशी असल्याने त्याच्या हक्काला अडचण होती आणि भारत सरकारने उषाराजेंना वारस म्हणून मान्यता दिली. अहिल्याबाईंच्या घराण्यात पुन्हा एकदा स्त्रीचे नाव आले, हे इंदूरकरांना आवडले.

५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले. वय ५३. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. त्या दिवसांत गोव्याच्या सीमेकडे लागलेल्या डोळ्यांना एका माजी संस्थानिकाच्या जाण्याची बातमी कितपत दिसली असेल, कोण जाणे. त्यांचे वडील तुकोजीराव तेव्हा हयात होते. ज्या मुलाला गादी देऊन ते बाजूला झाले होते त्याच्यामागे ते आणखी सतरा वर्षे जगले आणि १९७८ मध्ये पॅरिसला वारले.

पेरच्या आकाराचे हिरे १९४६ मध्येच हॅरी विन्स्टन या अमेरिकी जवाहिऱ्याकडे गेले होते. ड्यूसेनबर्ग आपल्या जन्मदेशी, अमेरिकेत परतली. संगमरवरी पक्ष्यांची जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतली आणि ती आज कॅनबेरात आहे. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. मे १९८० मध्ये मोंते कार्लो येथे सदबीजने माणिकबागेतील सामानाचा लिलाव केला, तेव्हा दिव्यांच्या त्या लाल खुर्च्याही विकल्या गेल्या.

इंदूरमध्ये महाराजा यशवंतराव रुग्णालय रोज हजारो लोकांना माहीत असते ते एम. वाय. या दोन अक्षरांनी. होळकर स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय सामने होतात. माणिकबागेत केंद्र सरकारच्या अबकारी आणि सीमाशुल्क खात्याचे कार्यालय आले. ज्या दालनांत म्युथेसियसने प्रत्येक दिव्याची जागा बोटभर मोजून ठरवली होती तिथे सरकारी टेबले आणि नळ्यांचे दिवे लागले. इमारत मात्र टिकून आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने यशवंतरावांवर मोठे प्रदर्शन भरवले. जगभरच्या संग्रहांतून खुर्च्या, पलंग, गालिचे, चांदीची भांडी, चित्रे आणि छायाचित्रे काही महिन्यांसाठी एकत्र आली आणि प्रदर्शन संपल्यावर पुन्हा आपापल्या मालकांकडे परत गेली.